सेल्फ टकटक करतो म्हणजे बॅटरीच गेली?

आज शेतातलं नाही, कुर्ल्यातलं लिहितोय. पण राग ओळखीचाच आहे.

नेहरूनगरच्या सोसायटीत भाजी उतरवली, पिकअपची चावी फिरवली, तर नुसतं टक. पुन्हा टक. गॅरेजवाला आला, लांबूनच म्हणाला, "बॅटरी गेली." नवी बसवली. पुन्हा टक. "मग सेल्फ बदलावा लागेल." अरे बाबा, तपासलंस काय? अख्ख्या फेरीची भाजी त्या बॅटरीत गेली होती.

शेजारी एक म्हातारे टॅक्सीवाले काका उभे होते. पद्मिनी चालवलेला माणूस, ती गाडी बनायचीच कुर्ल्यात. म्हणाले, "हेडलाइट लाव आणि चावी मार." दिवे लखलखीतच राहिले. "बॅटरी उतरली असती तर दिवे मंदावले असते. करंट पोचत नाहीये." त्यांनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. चावी मारली, पहिल्या सेल्फला गाडी सुरू! चासीकडून इंजिनला येणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती. पॉलिश पेपरने घासली, नट आवळला, संपलं.

आता मला सांगा, विहिरीवरची मोटर उठली नाही तर आपण लगेच मोटर बदलतो का? आधी तिन्ही फेज आल्यात का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. मग गाडीपाशी आपली अक्कल कुठं जाते? पान पिवळं दिसलं की दुकानदार बाटली हातात देतो, मुळाशी पाणी साचलंय का कुणी विचारत नाही. हे तेच.

आणि इंजिन जोरात फिरतंय पण धरत नाही, तर बॅटरीचं नावच काढू नका. डिझेलच्या लाइनीत हवा किंवा फिल्टरमध्ये पाणी आहे का ते आधी बघा.

मेकॅनिकनं पोट भरू नये असं मी म्हणत नाही. तपासायचे दोनशे माग, खुशीनं देतो. अंदाजाचे पैसे मात्र देणार नाही. आता मीटर गाडीतच ठेवतो. उभ्या गाडीत चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, सेल्फ मारताना 10 च्या बरीच खाली गेली तरच तिच्यावर संशय घ्या.

जुनी बॅटरी त्यानं "भंगार" म्हणून ठेवून घेतली होती. भांडून परत आणली. छोट्या ट्रॅक्टरला लावलीय, रोज सकाळी पहिल्या सेल्फला उठतो.