58 मतांचा कायदा

कॅलिफोर्नियातल्या साउथ लेक टाहो या गावात नोव्हेंबर 2018 मध्ये ‘मेजर टी’ नावाच्या प्रस्तावावर मतदान झालं. मुद्दा एकच होता. राहत्या वस्तीतली घरं पर्यटकांना दोन-चार रात्रींसाठी भाड्यानं देणं बंद करायचं का? निकाल लागला तेव्हा ‘बंद करा’ म्हणणारे जिंकले होते, पण फक्त 58 मतांनी. पर्यटकांसाठी राखलेला गावाचा मधला पट्टा वगळून बाकी वस्तीतले सगळे परवाने 2021 संपेपर्यंत रद्द करायचे, असं ठरलं.

गाव तसं लहान. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या एकवीस हजारांच्या आसपास. समोर निळंशार सरोवर, मागे हेव्हनली नावाचं बर्फावर घसरण्याचं मोठं केंद्र आणि गावाच्या पूर्वेच्या कडेला नेवाडा राज्याची हद्द. ती ओलांडली की लगेच कॅसिनो सुरू होतात. त्याच राज्यातल्या सनीव्हेल-फ्रीमाँटकडच्या मराठी घरांत टाहोचं नाव लोणावळ्यासारखं घेतलं जातं. तीन-चार कुटुंबांनी मिळून पाच खोल्यांचं घर घ्यायचं, डाळ-तांदूळ आणि कुकर गाडीत टाकायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी निघायचं. हॉटेलात पोरांना वेगवेगळ्या मजल्यांवर झोपवण्यापेक्षा हे बरं आणि स्वस्तही पडतं. हे सगळं पाहुण्याच्या बाजूनं झालं.

शेजाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर दर शुक्रवारी शेजारी नवा. सहा गाड्या, त्यातल्या दोन रस्त्यावर आणि त्या मागून येणाऱ्या बर्फ काढायच्या यंत्राची वाट अडवणाऱ्या. अंगणातल्या गरम पाण्याच्या टबात मध्यरात्रीपर्यंत धिंगाणा. उघड्यावर टाकलेला कचरा, आणि या गावात कचऱ्याच्या वासानं कुत्री येत नाहीत, अस्वलं येतात. म्हणून भाड्याच्या घरासमोर अस्वलाला उघडता न येणारी लोखंडी कचरापेटी हवी, अशी परवान्याची अट होती. मेजर टी येण्याच्या आधीच, 2017 मध्ये, नगरपालिकेनं नियम कडक केले होते. राहत्या वस्तीतल्या परवान्यांना 1,400 ची मर्यादा घातली होती. रात्री दहानंतर टब वापरला किंवा गाडी रस्त्यावर लावली तर हजार डॉलर दंड, आणि तो घरमालकाला वेगळा, पाहुण्याला वेगळा. सुट्टीला आलेल्या माणसानं मुक्कामाच्या भाड्याहून मोठा दंड भरून परत जावं, असे प्रकार घडले. घरमालक ओरडले की पालिका आमचा धंदा बुडवतेय. रहिवासी म्हणाले की दंडानं काही होत नाही, धंदाच नको. या रस्सीखेचीतून मेजर टी जन्माला आला.

इथवरची गोष्ट कुठल्याही पर्यटनाच्या गावची आहे. वेगळेपण सुरू होतं ते मेजर टीतल्या एका सवलतीपासून. बंदी लिहिणाऱ्यांनी भल्या मनानं एक अपवाद ठेवला. जो गावात कायम राहतो, त्यानं आपलं स्वतःचं घर वर्षातून तीस दिवसांपर्यंत भाड्यानं दिलं तर हरकत नाही. शाळेतली शिक्षिका उन्हाळ्यात माहेरी जाते, महिनाभर घर रिकामं असतं, त्यातून तिनं घराच्या कर्जाचे दोन हप्ते काढले तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. खरा राग होता तो दूर शहरात बसून इथल्या गल्लीत हॉटेल चालवणाऱ्यावर. त्या दोघांत फरक करावा, हे कोणालाही पटेल.

कोर्टाला पटलं नाही.

घरमालकांची संघटना कोर्टात गेली. 2023 च्या जूनमध्ये अपील न्यायालयानं तिचे बाकीचे बहुतेक मुद्दे फेटाळले. एकदा परवाना मिळाला म्हणून तो जन्मभराचा हक्क होत नाही, असं म्हणत बंदीची बाजू उचलून धरली. मात्र कायम रहिवाशांना दिलेल्या सवलतीवर बोट ठेवलं आणि तेवढा मुद्दा खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला. अमेरिकेच्या राज्यघटनेत राज्याराज्यांतल्या व्यापाराचं नियमन संसदेकडे दिलेलं आहे. त्यातून तिथल्या न्यायालयांनी असं तत्त्व काढलंय की एखाद्या गावानं किंवा राज्यानं आपल्या माणसाला धंद्यात झुकतं माप आणि बाहेरच्याला बंदी, असा नियम करायचा नाही. न्यू ऑर्लिन्स शहराचा याच धर्तीचा नियम 2022 मध्ये याच कारणानं पडला होता. टाहोत तर हद्द हाकेच्या अंतरावर. पलीकडे नेवाडात राहणाऱ्याचं अलीकडे घर असेल तर तो पाच मिनिटांवर राहूनही बाहेरचा, आणि त्याला ही सवलत नाही.

मार्च 2025 मध्ये खालच्या न्यायालयाचा निकाल आला. सवलत घटनाबाह्य आहे आणि ती वेगळी काढून बाकी कायदा शिल्लक ठेवता येत नाही, म्हणून मेजर टी पूर्ण रद्द. सव्वासहा वर्षांचा वाद, सव्वातीन वर्षांची अंमलबजावणी, आणि कायदा बुडाला तो त्यातल्या सगळ्यात माणुसकीच्या कलमामुळे. तीस दिवसांची ती सवलत लिहिलीच नसती तर बंदी आजही टिकली असती, असं अपील न्यायालयाचा निकाल वाचताना वाटत राहतं. सरसकट बंदी घालणं गावाच्या हातात होतं, भेदभाव करणं नव्हतं.

त्यानंतर नगरपालिकेनं त्याच वर्षी नवे नियम केले आणि वस्तीत परवाने पुन्हा सुरू केले. घरांच्या संख्येला वरची मर्यादा, दोन घरांमध्ये किमान अंतर, अशा अटी घातल्या. त्या गावात राहणाऱ्यालाही लागू आणि बाहेरच्यालाही. म्हणजे फिरून पुन्हा 2017 च्या वळणावर.

बंदी असताना घरं स्वस्त झाली का, हा प्रश्न कोणीही विचारेल. भाड्यानं देता येत नाही म्हणून घर लगेच हॉटेलातल्या वाढप्याच्या हाती येत नाही. पैसेवाला मालक ते कुलूप लावून ठेवतो आणि वर्षातून दोनदा येतो. रहिवाशांच्या हे लक्षात आलं, म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये आणखी एक प्रस्ताव आला. वर्षात 182 दिवसांहून अधिक रिकाम्या राहणाऱ्या घराला पहिल्या वर्षी 3,000 डॉलर आणि पुढे दरवर्षी 6,000 डॉलर कर लावायचा. तो मतदारांनी सपशेल पाडला. पर्यटकाच्या गोंगाटाचा राग येणं सोपं आहे. कुलूप गोंगाट करत नाही.

याच पेचात सापडलेलं दुसरं गाव ॲरिझोनातलं सेडोना. तांबड्या कड्यांचं, दहा हजारांपेक्षाही कमी वस्तीचं. टपाल कचेरी 1902 मध्ये उघडताना आधी सुचवलेली नावं शिक्क्यात मावेनात, म्हणून पोस्टमास्तरनं बायकोचं नाव दिलं, असं हे गाव. नियमांच्या बाबतीत ते फार लवकर जागं झालं होतं. 1995 मध्येच, म्हणजे घरं भाड्यानं देण्याचं एअरबीएनबी ॲप जन्माला येण्याच्या तेरा वर्षं आधी, सेडोनानं राहत्या वस्तीत अशा भाड्यावर बंदी घातली. मग 2016 मध्ये राज्याच्या विधिमंडळानं कायदा केला की कुठल्याही शहरानं अशी बंदी घालायची नाही. एका सहीनं सेडोनाची बंदी गेली. पुढच्या वर्षांत वस्तीतलं घर विकत घेणाऱ्यांत पर्यटकांसाठी घेणारे वाढत गेले, आणि हॉटेलांत, दुकानांत काम करणारी माणसं दूरच्या गावांतून येऊ लागली. काही गाडीतच झोपू लागली.

2022 मध्ये राज्यानं थोडी दोरी सैल सोडली. बंदी नाही, पण परवाना घ्यायला लावा, दंड करा. हे नियम वाचण्यासारखे आहेत, कारण ते एखाद्या त्रासलेल्या शेजाऱ्यानं बसून लिहिल्यासारखे वाटतात. परवान्याआधी लगतच्या आणि समोरच्या घरांना लेखी कळवायचं, त्यात जबाबदार माणसाचा फोन नंबर द्यायचा. पाच लाख डॉलरचा विमा. पहिल्या गुन्ह्याला 500 डॉलर किंवा एका रात्रीचं भाडं, दोहोंत जे जास्त असेल ते. दुसऱ्याला 1,000 डॉलर किंवा दोन रात्रींचं भाडं. तिसऱ्याला 3,500 डॉलर किंवा तीन रात्रींचं. वर्षात तीन गुन्हे झाले की बारा महिन्यांपर्यंत परवाना स्थगित. दंड भाड्याच्या मापानं घेतला, ही यातली हुशारी. रात्रीचे दोन हजार डॉलर घेणाऱ्याला पाचशेचा दंड म्हणजे किरकोळ खर्च.

गोंगाटावर हा उपाय चालतो. घरांच्या टंचाईवर नाही. सेडोनानं घरमालकांना रोख रक्कमही देऊ केली, की पर्यटकाऐवजी इथं काम करणाऱ्याला घर द्या. मार्च 2024 मध्ये नगर परिषदेनं गावातल्या एका मोकळ्या जागेत कामगारांना रात्री गाडी उभी करून झोपता यावं, अशी तात्पुरती सोय मंजूर केली. रहिवाशांनी सह्या गोळा करून त्यावर मतदान घ्यायला लावलं आणि नोव्हेंबरमध्ये ती सोय हाणून पाडली. आपल्या गल्लीत पर्यटक नको म्हणणारं गाव, त्या पर्यटकांची खोली झाडणाऱ्यालाही जागा द्यायला तयार नाही. याला ढोंग म्हणायला हरकत नसावी.

आता आपल्याकडे. अमेरिकेतल्या न्यायालयाला जी अट खटकली, तीच आपल्या योजनांचा पाया आहे. केंद्राच्या ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ योजनेत मालकानं त्याच घरात राहायला हवं आणि सहाच्या वर खोल्या देता येत नाहीत. महाराष्ट्र राज्याची निवास-न्याहारी योजनाही राहत्या घरातल्या खोल्यांसाठीच आहे. मालवण-तारकर्लीला, गुहागरला, दिवेआगरला ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी दिसते, तिथं बहुधा काकू स्वयंपाकघरात असतात आणि काका अंगणात. पाहुण्यांचा आवाज वाढला तर काका खाकरतात. त्याहून स्वस्त अंमलबजावणी जगात नाही. आपल्याकडे ही अट योजनेचा लाभ घेण्यासाठी आहे, बाहेरच्यावर बंदी म्हणून नाही, त्यामुळे टाहोसारखा पेच तिच्यात नाही.

पण ज्या बंगल्यात काका-काकू नाहीत, त्याचं काय? मुंबई-पुण्याच्या मालकानं गुंतवणूक म्हणून बांधलेला, ॲपवर लावलेला, किल्ली राखणदाराकडे असलेला बंगला निवास-न्याहारीत बसत नाही. गोव्यात 1982 पासून पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा आहे, आणि त्याखाली अशा घराला पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. जुना सराई कायदा 1867 चा. मुसाफिरांना उतरवणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याकडे नोंद करावी, असं तो सांगतो. त्यातला दंड आहे वीस रुपये. परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत कळवायचं बंधन आहे. या नियमांत शेजाऱ्याचा फारसा विचार नाही. पाण्याचा टँकर कोणाचा, सांडपाणी कुठे सोडायचं, पोहण्याच्या तलावाजवळचा डीजे किती वाजता बंद व्हायचा आणि तो बंद झाला नाही तर फोन कोणाला करायचा, हे त्यांत लिहिलेलं नाही.

मालवण, महाबळेश्वर, पाचगणी, अलिबाग या नगरपरिषदांना सेडोनाच्या नियमांतले तीन-चार सहज उचलता येतील. शेजाऱ्यांना आधी सूचना, तासाभरात घरापाशी पोचेल असा स्थानिक माणूस, भाड्याच्या मापानं दंड आणि तीन चुकांनंतर परवाना स्थगित. दंडाचा अधिकार परिषदेकडे अपुरा असेल तर तो राज्याकडून मागून घ्यावा लागेल. पण घरांची यादी करायला कोणाची परवानगी लागत नाही. अशा गावात राहणाऱ्या वाचकांनी आपल्या नगरसेवकाला एवढंच विचारावं: गावात पर्यटकांना देतात अशी, मालक न राहणारी घरं किती आहेत? यादी नसेल, तर ती करण्याचा ठराव पुढच्या सभेत मांडायला लावा.