सात माणसं, चार टायर

आपल्याकडे गाडी घेताना टायरबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. सनरूफ आहे का, सीट थंड होते का, तिसऱ्या रांगेत मोठं माणूस मावतं का, सगळं विचारून होतं. टायर काय, काळे आणि गोल! मला मात्र हल्ली महागडी सात आसनी गाडी दिसली की आधी चाकांकडेच लक्ष जातं.

निमित्त झालं मावसभावाने घेतलेल्या सेकंडहँड व्होल्वो एक्ससी ९० चं. गाडी उत्तमच. तीन बिंदूंचा सीटबेल्ट १९५९ साली आणणाऱ्या कंपनीची. पण आधीच्या मालकाने हौसेने २२ इंची चाकं बसवलेली. "ताई, कसली भारी दिसतात बघ!" दिसतात खरी.

थोडं गणित करते. (कंटाळा आला तर हा परिच्छेद गाळा, पण मग वाद घालायला येऊ नका.) २०१४ साली आलेल्या या पिढीला जगभरात १८ ते २२ इंची चाकं मिळाली. १८ इंचीचा टायर २३५/६०, म्हणजे रुंदी २३५ मिमी आणि भिंतीची उंची त्याच्या ६० टक्के, १४१ मिमी. २२ इंचीचा २७५/३५, म्हणजे भिंत जेमतेम ९६ मिमी. बाहेरून चाक जवळपास तेवढंच, फक्त रबराची आणि हवेची जागा धातूने खाल्ली. खड्ड्याचा दणका झेलायला साडेचार सेंटिमीटर कमी! मग रिम वाकते, नाहीतर टायरच्या बाजूला फुगा येतो. फुगा म्हणजे आतले धागे तुटले. त्याला पंक्चरवाल्याकडे औषध नाही, टायर बदलायचाच.

बरं, स्टेपनी असेलच असंही नाही. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालेल, असं २०२० पासून नियमच सांगतो. तो संच छोटं छिद्र बुजवतो, चिरलेली भिंत नाही.

हे सगळं मनावर घ्यायचं कारण म्हणजे दिवाळीला ही मंडळी समृद्धीने नागपूरला निघणार आहेत. हा रस्ता २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला, ७०१ किलोमीटर, कारला १२० ची मर्यादा. दोन टनांची गाडी, त्यात सात माणसं आणि बॅगा (मावशीचे फराळाचे डबे वेगळेच). हवा कमी असेल तर टायर प्रत्येक फेरीला जास्त दबतो, दबून तापतो, आणि तास दोन तास न थांबता पळवला तर फुटू शकतो. नायट्रोजन भरला म्हणून यातून सुटका नाही. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा दाब छापलेला असतो, तो निघण्यापूर्वी, टायर थंड असताना भरायचा. पंपावर सरसकट "तेहतीस मारा" म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

वयाचंही तेच. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. या गाडीचे टायर त्याच सुमाराचे निघाले. खाचा छान खोल आहेत, कायद्याच्या १.६ मिमीच्या कितीतरी वर, पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. अनेक गाडी कंपन्या सहा वर्षांनंतर बदला म्हणतात. आणि चारही चाकं ओढणारी गाडी असेल तर चारही एकदम बदलावेत. दोनच घेतले तर नवे मागे! आपल्याकडे सर्रास पुढे बसवतात. पण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि तिसऱ्या रांगेत, अगदी त्या मागच्या चाकांपाशी, आपण हमखास पोरांना बसवतो.

माझं मत सरळ आहे. कुटुंबाच्या गाडीला ब्रेकवर नीट बसेल ती लहानात लहान रिम घ्यावी, आणि वाचलेले पैसे चांगल्या टायरमध्ये घालावेत. भारांक मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलाय त्याहून कमी नको. ११० लिहिलं असेल तर एक टायर १०६० किलो पेलतो.

भाऊ २० इंचीवर तयार झालाय. २७५/४५, भिंत १२४ मिमी. मी १९ इंचीसाठी भांडत होते, पण तिथे भिंत १२९ मिमीच होते. पाच मिलिमीटरसाठी दिवाळीत कोण रुसणार! २२ इंची चाकं विकायला काढली आहेत. मला मात्र गिऱ्हाईक आणू नकोस म्हणालाय, मी त्याला आधी हे सगळं ऐकवेन म्हणून.