सातबाऱ्यावर तिचं नाव कुठंय?

मैत्रिणींनो, दिवाळी झाली की सावनेरकडे नणंदेच्या गावी माझी एक चक्कर ठरलेली असते. नागपूर मागे पडलं की दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, अन् कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बाया. २०२५च्या दिवाळीनंतर गेले, तेव्हा नणंदबाईंनी भावाचा विषय काढला. म्हणाल्या, "वहिनी, वेचणी आमी करतो, पन सरकारचे पैसे आले का नाही, हे ह्यायच्या मोबाइलवर मेसेज आला की मले समजते!"

हसून सोडून दिलं, पण परत येताना तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं.

त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये. अमेरिकेनं भारतीय मालावर जबर कर लादला, कापड उद्योग अडचणीत आला, अन् गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून केंद्रानं १९ ऑगस्ट २०२५ पासून आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क काढून टाकलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरात यायला अन् बाहेरच्या कापसाला दार उघडायला एकच गाठ पडली!

गिरण्या जगायलाच हव्यात. पण त्याची किंमत शेतकऱ्यानं मोजायची असेल, तर भरपाईही त्याला मिळायला हवी. २०१८ साली चीननं अमेरिकेच्या शेतमालावर कर वाढवला, तेव्हा तिथल्या सरकारनं शेतकऱ्यांना थेट पैसे दिले. आपल्याकडेही २०२३च्या खरिपात कापूस-सोयाबीनचे भाव पडले, म्हणून राज्य सरकारनं हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, २०२४ मध्ये खात्यात टाकले. मदत तुटपुंजी, पण मिळाली.

मिळाली कुणाला? ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याला. पेरणी, निंदण, वेचणी करणारी बाई कागदावर शेतकरीच नाही. मालक अचानक गेला, तर वारसाची नोंद होईपर्यंत तिनं तलाठ्याकडे खेटे घालायचे. अन् दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाणारी तर कुठल्याच यादीत नाही. तिचा विचार सरकारनंच करायला हवा.

पण घरच्या शेतीपुरतं आपल्या हातात काही आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली होती. नवऱ्यानं बायकोच्या नावे जमीन करावी, एवढीच मागणी. पुढे १९९२ मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं. नवऱ्यानं अर्ज केला, तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागू शकतं. सामाईक खातं झालं की मदतीसाठी संमतीच्या सह्या लागतात, कटकट वाढते, हे खरं. पण ती सहीच तर हवी आहे! तिला विचारल्याशिवाय पैसा हलणार नाही, अन् जमीनही.

मागच्या खेपेला मी हे सगळं नणंदेच्या घरी सांगत होते. भाऊजी चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, कागदावर नाव लावून का होते?"

नणंदबाई आतून म्हणाल्या, "काही होत नसन, तं लावून टाका नं!"