रेपो रेट घसरला, पण तुमच्या होम लोनचा ‘स्प्रेड’ किती? पहिलं घर घेण्याआधी हे वाचा

२०२५ सुरू झालं तेव्हा रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट ६.५० टक्के होता. फेब्रुवारीत तो ६.२५ झाला, एप्रिलमध्ये ६.००, जूनमध्ये एकदम अर्धा टक्का खाली येऊन ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५. एका वर्षात सव्वा टक्का कपात. प्रत्येक वेळी फोनवर एकच नोटिफिकेशन, ‘होम लोन स्वस्त झालं!’ आणि पाठोपाठ बँकेच्या ॲपमध्ये ‘प्री-अप्रूव्हड’ ऑफर.

तेव्हापासून मित्र मला विचारतायत, “आत्ता घेऊन टाकू का? दर कमी आहेत.” माझं म्हणणं असं की हा प्रश्नच थोडा चुकीच्या जागी विचारला जातोय. रेपो सगळ्यांसाठी सारखाच असतो आणि तो उद्या वरही जाईल. तुमच्या एकट्याचा असतो तो ‘स्प्रेड’. तो तुमच्या कागदात लिहिलेला असतो, आणि बहुतेक जण तो कागद न वाचताच सही करतात. म्हणून आज बातमीपेक्षा त्या कागदाकडे बघूया.

तुमचा व्याजदर बनतो कसा?

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला जोडावं लागतं. बहुतेक बँकांनी यासाठी रेपो रेट निवडलाय. गणित सोपं आहे:

तुमचा दर = रेपो रेट + स्प्रेड

रेपो ५.२५ आणि स्प्रेड २.२५ असेल तर दर ७.५०. रेपो बदलला की बँकेला किमान दर तीन महिन्यांनी तुमचा दर बदलावा लागतो. याला रीसेट म्हणतात.

आता स्प्रेड. यात बँकेचा खर्च, नफा आणि तुमच्यामुळे बँकेला वाटणारी जोखीम हे सगळं येतं. जोखमीचा भाग तुमच्या क्रेडिट स्कोअरवर, नोकरीवर आणि लोनच्या रकमेवर ठरतो. एकदा लोन मिळालं की हा भाग बँकेला मनाला येईल तेव्हा वाढवता येत नाही. तुमची क्रेडिटची स्थिती बरीच बदलली तरच तो बदलतो. म्हणजे पहिल्या दिवशी जो स्प्रेड मिळाला, तो बहुधा बरीच वर्षं तुमच्यासोबत राहणार.

अर्ध्या टक्क्याने काय फरक पडतो? ४० लाखांचं लोन २० वर्षांसाठी घेतलं तर ७.५० टक्क्यांनी ईएमआय ३२,२२४ रुपये येतो आणि ८ टक्क्यांनी ३३,४५८ रुपये. महिन्याला सव्वा हजाराचा फरक, पण २० वर्षांत जवळपास ३ लाख. रेपो दोघांचा सारखाच, फक्त स्प्रेड वेगळा.

ॲपवरचं ‘पासून सुरू’ म्हणजे काय?

जाहिरातीत दर मोठ्या अक्षरात असतो आणि ‘पासून सुरू’ बारीक अक्षरात. तो सगळ्यात कमी दर उत्तम स्कोअर आणि पक्की नोकरी असलेल्यांसाठी असतो. आणखी एक गंमत बघा. २०२५ मध्ये रेपो घसरत असताना काही बँकांनी नव्या ग्राहकांसाठी स्प्रेड थोडा वाढवला. म्हणजे हेडलाईनमधली सगळी कपात नव्या माणसापर्यंत पोचलीच असं नाही. म्हणून बँकेत “रेट काय आहे?” एवढंच विचारू नका. “यात स्प्रेड किती?” हेही विचारा. या प्रश्नाला समोरचा माणूस अडखळला, तर थांबून लेखी मागा.

लोन बँकेचं की हाऊसिंग फायनान्स कंपनीचं?

इथे बरेच जण फसतात. रेपोला जोडण्याचा नियम बँकांसाठी आहे. हाऊसिंग फायनान्स कंपन्या आणि एनबीएफसी आपापला ‘प्राईम लेंडिंग रेट’ ठरवतात आणि तुमचा दर त्याला जोडतात. तो कधी आणि किती खाली आणायचा हे कंपनी ठरवते.

माझ्या मावसभावाचं लोन अशाच एका कंपनीकडून आहे. रेपो तीनदा घसरला तरी त्याच्या दरात काहीच हललं नव्हतं. त्याने ईमेल केला तेव्हा उत्तर आलं की ‘कन्व्हर्जन फी’ भरा, मग कमी दर लावू. शेवटी त्याने हिशोब केला, फी भरून घेतली आणि ईएमआय कमी झाला. पण न विचारता हे कोणी सांगितलं नसतं.

या कंपन्या वाईट असतात असं मी म्हणत नाही. ज्यांच्याकडे पगाराची स्लिप नाही, ज्यांचा छोटा धंदा आहे, अशांना बऱ्याचदा त्याच लोन देतात. फक्त सही करताना तुमचा दर कशाला जोडलाय हे माहीत असू द्या.

दर कमी झाल्यावर ईएमआय कमी करायचा की मुदत?

समजा तुमचं ४० लाखांचं लोन ८.७५ टक्क्यांनी आहे, ईएमआय ३५,३४८ रुपये. दर सव्वा टक्क्याने उतरून ७.५० झाला. आता दोन रस्ते आहेत.

पहिला, मुदत २० वर्षंच ठेवून ईएमआय ३२,२२४ करायचा. दर महिन्याला ३,१२४ रुपये हातात राहतात. पुढे एकूण व्याज सुमारे ३७.३ लाख जातं.

दुसरा, ईएमआय ३५,३४८ च ठेवायचा. मग लोन साधारण साडेसोळा वर्षांत संपतं आणि व्याज सुमारे २९.७ लाख जातं.

म्हणजे साडेसात लाखांहून जास्त वाचले आणि साडेतीन वर्षं आधी मोकळे झालात. जुन्या ईएमआयची सवय झालेली असेल तर दुसरा रस्ताच बरा. पगार ओढाताणीचा असेल तर पहिला घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त निवड तुम्ही करा, बँकेच्या सिस्टिमवर सोडू नका.

आणि दर वाढले तर?

हा भाग कुठल्याच नोटिफिकेशनमध्ये येत नाही. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० झाला. दहा महिन्यांत अडीच टक्के! ज्यांनी कोरोनाच्या काळात स्वस्त दर बघून घर घेतलं, त्यांच्या लोनची मुदत या काळात निवृत्तीच्या वयाकडे सरकली.

तसंच पुन्हा झालं तर? आज ४० लाखांचं लोन ७.५० टक्क्यांनी घेतलं, दोन वर्षं हप्ते नीट भरले. तुम्ही ७.७३ लाख भरलेत, पण मुद्दल उरलंय ३८.१४ लाख. त्या दिवशी दर १० टक्के झाला तर पुढच्या महिन्याचं फक्त व्याजच सुमारे ३१,८०० रुपये होतं. तुमचा ईएमआय ३२,२२४. म्हणजे मुद्दलातून कमी झाले चारशे-साडेचारशे रुपये. या वेगाने लोन फिटणार कधी?

म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला. दर वाढला की ईएमआय वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हा पर्याय ग्राहकाला द्यावा लागतो. मुदत इतकी ताणता येत नाही की हप्त्यातून व्याजही भागू नये. शिवाय दर तिमाहीला स्टेटमेंट द्यावं लागतं, ज्यात आतापर्यंत किती मुद्दल आणि किती व्याज गेलं, ईएमआय किती आणि किती हप्ते बाकी हे असतं. त्यातला ‘बाकी हप्ते’ हा आकडा दर वेळी बघा. तो गुपचूप वाढत असेल तर बँकेला विचारा.

आणि कॅल्क्युलेटरचा स्लायडर ३० वर्षांवर नेऊन ईएमआय छोटा दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. त्याच ४० लाखांवर ३० वर्षांत ईएमआय २७,९६९ होतो खरा, पण व्याज ६० लाखांच्या वर जातं. २० वर्षांत ते ३७ लाख होतं.

बँक सगळे पैसे देत नाही

पुण्यात ५० लाखांचा फ्लॅट बघितलात असं धरू. लोन ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल तर बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, म्हणजे ४० लाख. उरलेले १० लाख तुमचे.

त्यावर पुणे शहरात स्टँप ड्युटी आणि अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख, आणि रजिस्ट्रेशन ३० हजार. घर बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत एक टक्का सूट मिळते. बांधकाम सुरू असलेला फ्लॅट असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी अडीच लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाही.

बेरीज करा: १४ ते १६ लाख स्वतःचे हवेत. हे कमी पडतात म्हणून काही जण पर्सनल लोन ॲपवरून तीन-चार लाख उचलतात. ते करू नका. त्याचा व्याजदर होम लोनपेक्षा खूप जास्त असतो आणि दोन ईएमआय एकाच पगारातून जातात. स्वतःचे पैसे जमत नसतील तर फ्लॅट अजून परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक वर्ष थांबा.

फोनवरच करता येतील अशा पाच गोष्टी

१. क्रेडिट रिपोर्ट बघा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. जुनं ‘पे लेटर’चं खातं उघडं असेल तर ते बंद करा. अर्जाच्या किमान सहा महिने आधी ही साफसफाई करा.

२. दहा ठिकाणी ‘अप्लाय’ दाबू नका. प्रत्येक खऱ्या अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते. आधी दर आणि स्प्रेड विचारा, मग दोन किंवा तीनच ठिकाणी अर्ज करा.

३. ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे, आणि ते तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं. मराठीत मागायला लाजू नका. त्यात ‘एपीआर’ असतो, म्हणजे व्याजासोबत प्रोसेसिंग फी, इन्शुरन्स वगैरे धरून खरा वार्षिक खर्च. दोन बँकांची तुलना एपीआरवर करा. विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात, “आजच सही करा” म्हणणाऱ्याला हे सांगा.

४. प्रोजेक्टच्या जाहिरातीवरचा महारेराचा क्यूआर कोड स्कॅन करा. ताबा कधी मिळणार आणि कार्पेट एरिया किती, हे सेल्समनकडून नको, तिथूनच बघा.

५. ईएमआय कॅल्क्युलेटरमध्ये दर मुद्दाम दोन टक्के वाढवा. ४० लाखांवर ७.५० ऐवजी ९.५० टाकलं की ईएमआय ३७,२८५ दिसतो. आजच्यापेक्षा पाच हजार जास्त. हा आकडा बघून घरभाडं, गावी पाठवायचे पैसे, बाईकचा हप्ता सगळं जमतंय का, ते घरच्यांसोबत बसून बघा.

मग आत्ता घ्यायचं की नाही?

पाचव्या मुद्द्यातला वाढीव ईएमआय झेपत असेल, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून स्वतःचे पैसे भरता येत असतील, आणि त्या घरात तुम्ही खरंच राहणार असाल, तर घ्या. रेपो अजून पाव टक्का घसरेल म्हणून थांबायची गरज नाही. घसरला तर फ्लोटिंग लोनमुळे तो फायदा तुम्हाला पुढच्या रीसेटला मिळेलच. फ्लोटिंग होम लोन आधी फेडल्याबद्दल बँक वैयक्तिक ग्राहकाकडून दंडही घेऊ शकत नाही, त्यामुळे बोनस आला की थोडं मुद्दल भरता येतं.

पण घर फक्त आजच्या दरालाच परवडत असेल, तर ते परवडत नाही. रेपो रेट बदलत राहतो, तुम्ही मात्र हप्ता २४० वेळा भरणार आहात.