जीवशास्त्राचे पुस्तक निवडताना पान गाळू नका



मुलांना घरीच शिकवणाऱ्या आया आता आपल्या समाजातही दिसू लागल्या आहेत. गणिताचे किंवा भाषेचे पुस्तक ठरवताना फारशी अडचण येत नाही. जीवशास्त्रापाशी मात्र हात थबकतो. बेडूक कापायला लावतील का? उत्क्रांतीचा धडा वाचू द्यायचा का? प्रयोगासाठी कांदा घरात आणायचा का? मग कोणीतरी सुचवते, "आपल्या धर्माला चालेल असं एखादं पुस्तक बघ ना!"

माझी लेक १३ वर्षांची आहे आणि यंदा हा विषय ती बराचसा स्वतःच अभ्यासणार आहे. तिच्यासाठी पुस्तके चाळताना माझे मत पक्के झाले. पुस्तक पूर्ण घ्यावे, त्यातले एकही पान गाळू नये. बदलायचेच असेल तर प्रयोगाचे साहित्य बदलावे.

स्वतः शिकणे आपल्याला नवीन नाही. स्वाध्यायाला आपण तप मानतो आणि त्याची पाच अंगे पाठशाळेत शिकलो आहोत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. पुस्तक पारखायला मी हीच मोजपट्टी लावते. मुलीला एकटीला वाचून समजेल अशी भाषा आहे का? प्रश्न विचारले आहेत का, आणि उत्तर बरोबर आले की नाही हे तिला कळते का? विचार करायला जागा आहे का? उजळणीची सोय आहे का? आणि शिकलेले ती धाकट्या भावाला समजावून सांगू शकेल का?

या कसोटीला आपल्या बालभारतीची 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' पुस्तके चांगली उतरतात. मराठीत आहेत, पीडीएफ फुकट मिळते आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्नांचे शीर्षकच 'स्वाध्याय' असते. दहावीच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती हा आहे. उणीव एकच, उत्तरे पुस्तकात नाहीत. ती उणीव राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे, म्हणजे एनआयओएसचे साहित्य भरून काढते. ते एकट्याने शिकणाऱ्यासाठीच लिहिलेले आहे. मजकुरातच प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे धड्याच्या शेवटी सापडतात. म्हणून नववी-दहावीच्या वयाला मुख्य पुस्तक बालभारतीचे आणि पडताळ्याला एनआयओएस, अशी जोडी मला योग्य वाटते.

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात २०२३ पासून उत्क्रांतीचा भाग नाही. काही जणींना ही सोय वाटेल. पण बारावीच्या जीवशास्त्रात तो धडा आहेच आणि नीट द्यायची तर तो टाळता येत नाही. जे १५ व्या वर्षी आईशी बोलत शिकता आले असते, ते १७ व्या वर्षी परीक्षेच्या घाईत एकटीने का शिकावे? परदेशातल्या मैत्रिणी केंब्रिजचा आयजीसीएसई घेतात. त्यात प्रात्यक्षिक परीक्षेऐवजी लेखी पेपरचा पर्याय आहे. पण तेवढ्यावर घरातले प्रयोग मात्र सोडू नयेत.

प्रयोगांची भीती आपण उगाच मोठी केली आहे. प्राणी कापण्याबद्दल म्हणाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये महाविद्यालयांतलेच विच्छेदन थांबवायला सांगितले. घरी शिकणाऱ्या मुलीला त्याची गरज कुठून येणार? तक्ता, प्रतिकृती आणि चित्रफीत पुरते. पेशी पाहायला कांद्याचा पापुद्राच हवा असे नाही. ऱ्हिओच्या जांभळट पानाची खालची साल निघते, तिच्यात पेशी सुरेख दिसतात. परासरण शिकायला बटाटा नको. मनुका पाण्यात टाका, फुगतील. मग साखरेच्या घट्ट पाकात टाका, आकसतील. आपल्याच गालाच्या आतल्या पेशी काडीने अलगद खरवडून पाहता येतात.

आता खरी अडचण, मुलीच्या प्रश्नांची. पाठशाळेत मुंगी त्रीन्द्रिय शिकवतात आणि पुस्तक म्हणते बहुतेक मुंग्यांना डोळे असतात. बटाट्याला आपण कंदमूळ म्हणतो आणि पुस्तक म्हणते ते मूळ नाही, खोड आहे. अशा वेळी "ते विज्ञान सोड" म्हणू नये, आणि ओढूनताणून दोन्ही एकच आहे असेही दाखवू नये. जीवशास्त्राचे वर्गीकरण शरीररचना आणि वंशाचे नाते पाहते. आपली इंद्रियांची मांडणी कोणत्या जिवाशी किती जपून वागायचे हे शिकवते. बटाट्याचा त्यागही तो मूळ आहे म्हणून नाही, अनंतकाय मानला आहे म्हणून आहे. तो खोड निघाला तरी व्रताला धक्का लागत नाही. आणि जिथे मेळ बसत नाही तिथे "मला माहीत नाही, महाराजांना विचारू, पुस्तकातही पाहू" म्हणावे. पृच्छना म्हणजे तरी दुसरे काय?

आईने पान चिकटवून ठेवले तर मुलगी त्यातून एकच गोष्ट शिकते, की आपला धर्म पुस्तकाला घाबरतो. आज ना उद्या ते पान ती मोबाईलवर वाचणारच. तेव्हा तिचा अविश्वास त्या धड्यावर बसणार नाही, आपल्यावर बसेल. मग पाणी का गाळायचे, रात्री का जेवायचे नाही, हे आपण सांगितलेलेही तिला पोकळ वाटू लागेल.

उलट जी मुलगी भिंगाखाली पाण्याचा थेंब पाहील, तिला गाळण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. सूक्ष्मजीवांचा धडा वाचून ती दह्याच्या भांड्याबद्दल अवघड प्रश्न विचारेल, तेही बरेच आहे. जीव कुठे आहे, कसा आहे, हे जितके नीट कळेल तितकी जीवदया डोळस होईल. म्हणून पुस्तक अख्खे आणा, आणि पहिला धडा तिच्या शेजारी बसून तुम्हीही वाचा.