फ्रेंचचे पन्नास गुण

आपल्याकडे फ्रेंच घेतात ती बहुधा बारावीला गुण पाडण्यासाठी. परीक्षा संपली की ‘बाँझूर’पलीकडचं सगळं साफ. कॅनडाला निघालेल्यांना मात्र ती वही पस्तिशीत पुन्हा उघडावी लागते. तिथे कायमचं राहायला येणाऱ्यांना गुणांवर निवडणाऱ्या एक्स्प्रेस एन्ट्रीत वयाचे गुण तिशीपासून घटत जातात आणि नोकरीच्या ऑफरचे गुण तर मार्च २०२५ मध्ये काढूनच टाकले. उरली भाषा. फ्रेंच ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारहींत सातवी पातळी गाठली, तर इंग्रजी बेताचं असूनही ५० गुण जादा मिळतात. शिवाय २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांच्या वेगळ्या फेऱ्या निघतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी एक फेरी ३३६ गुणांपर्यंत खाली आली. त्याच महिन्यात सर्वसाधारण रांगेतले पाचशेवालेही ताटकळत होते. गंमत म्हणजे ही सवलत फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतासाठी नाहीच. क्वेबेक आपली माणसं स्वतः निवडतं. ओटावातल्या केंद्र सरकारला हवेत ते क्वेबेकबाहेर राहणारे फ्रेंचभाषक. म्हणजे फ्रेंचच्या जोरावर माणूस पोचणार ब्रॅम्प्टनला, जिथे दुकानात पंजाबी जास्त उपयोगी. त्यापेक्षा न्यू ब्रन्सविक बरं, अधिकृतपणे द्विभाषिक असलेला तो एकमेव प्रांत. तिथे ही भाषा निदान पोटापाण्याला लागेल. आणि सातवी पातळी म्हणजे युरोपीय मापात साधारण बी-टू. तीन महिन्यांत ती हमखास करून देतो म्हणणारा क्लास भेटला, तर फी भरण्याआधी तिथल्या सरांना घरमालकाशी फ्रेंचमधून भाड्यावरून भांडून दाखवायला सांगा.