भरपाई म्हणजे भीक नव्हे!

ॲसिडहल्ल्याची बातमी आली की कॉलेजच्या कट्ट्यावर एकच वाक्य ऐकू येतं, 'त्याला फासावर लटकवा!' राग अगदी बरोबर आहे. पण जी हॉस्पिटलमध्ये पडून आहे, तिच्या पुढच्या ऑपरेशनचे पैसे कोण भरणार, हे कितीजण विचारतात?

खटला वर्षानुवर्षं चालतो. औषधांचा खर्च, बुडालेलं सेमिस्टर, सुटलेली नोकरी निकालासाठी थांबत नाहीत. म्हणूनच २००९च्या अखेरीस फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ कलम लागू झालं. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३९६वं कलम आहे. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित व्यक्ती भरपाई मागू शकते. अर्ज करायचा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि त्यांनी चौकशी दोन महिन्यांत संपवायची. तातडीची गरज असेल तर अंतरिम मदतही देता येते. बलात्कार आणि ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांवर मोफत उपचार करणं खासगी हॉस्पिटललाही बंधनकारक आहे.

आपल्याकडे २ ऑक्टोबर २०१३ पासून 'मनोधैर्य' योजनाही आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांसाठीची ही मदत पुढे १० लाखांपर्यंत वाढवली गेली. म्हणजे कायदा आहे, योजना आहे. मग अडतं कुठे?

एक तर माहितीत. दुसरं, आपल्या जिभेवर. 'पैशासाठी केस केली असेल', 'आता मिळाले ना लाखो?' असं आपण किती सहज बोलून जातो! भूकंपात घर पडलेल्याला मदत मिळाली तर आपण असं म्हणतो का? मग हिच्याच बाबतीत का? भरपाई ही झालेल्या अत्याचाराची किंमत नाही, गप्प बसण्याचा मोबदला तर नाहीच. नागरिकाचं रक्षण करायला व्यवस्था कमी पडली, त्याची ही जबाबदारी आहे. आणि ती वेळेवर पार पडली तरच तिचा उपयोग. निकालानंतर हातात आलेला चेक बुडालेलं वर्ष परत आणत नाही.

म्हणून दोस्तांनो, दोन गोष्टी करा. विधी सेवेचा १५१०० हा हेल्पलाइन नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा. आणि पुढच्या वेळी कट्ट्यावर कुणी 'पैशासाठी केलं' म्हणालं, तर तिथल्या तिथे त्याला थांबवा. मेणबत्ती मोर्चा एका संध्याकाळी संपतो. तिला खरी साथ लागते ती त्यानंतर.